चौघांच्या बदल्यात एक
(लघुमाहितीपट : निवेदन)

[फेनवे पार्कबाहेरचा रस्ता. बर्फ. मालवाहू ट्रक.]

बॉस्टन, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. हे फेनवे पार्क. 1912 साली उघडलेलं, मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगच्या, मैदानांत सर्वांत जुनं. आत सध्या खेळ नाही. तरी एवढ्या थंडीत लोक बाहेर उभे आहेत, कारण आज बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचं सामान हंगामापूर्वीच्या सरावासाठी फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला निघतंय. 20,000 हून जास्त चेंडू. हजारावर बॅट. हेल्मेट, ग्लोव्ह, आणि सूर्यफुलाच्या बियांची खोकीच्या खोकी. या बिया बेसबॉलवाले बाकावर बसून दिवसभर चघळतात. ट्रक हलला की टाळ्या पडतात. इथल्या माणसांचा उन्हाळा या ट्रकपासून मोजायला सुरुवात होते.

पण ट्रक निघायच्या आधीच संघ बदललेला असतो. हंगाम संपला की मैदानं बंद होतात आणि क्लबांचे फोन सुरू होतात. कोण येणार, कोण जाणार, कुणाच्या बदल्यात, हे बरंचसं नोव्हेंबर ते जानेवारीत ठरतं. 2024 च्या डिसेंबरात डॅलसमध्ये असाच एक सौदा झाला. शिकागोच्या व्हाइट सॉक्सनी आपला डावखुरा पिचर, म्हणजे गोलंदाज, गॅरेट क्रोशे बॉस्टनला दिला. बदल्यात बॉस्टननं चार तरुण दिले : काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस माइडरॉथ आणि विकलमन गोन्झालेझ. त्या दिवसापर्यंत चौघांपैकी एकानंही मेजर लीगचा एकही सामना खेळलेला नव्हता.

[वूस्टर. पोलर पार्क. कॅचर जवळून.]

हा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा, नीट बघा. एक गुडघा जमिनीला टेकलेला. चेंडू यायच्या आधी ग्लोव्ह मातीकडे झुकतो, आणि चेंडूबरोबरच वर येतो. ताशी 150 किलोमीटरच्या आसपासचा चेंडू, स्ट्राइक झोनच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या, अगदी काठावर आलेला. तो पकडताना मनगट इतकंसं आत वळतं की अंपायरला चेंडू आतलाच वाटावा आणि त्यानं स्ट्राइक द्यावी, म्हणजे तो फलंदाजाविरुद्ध मोजावा. वळणं जास्त झालं तर चोरी दिसते, कमी पडलं तर स्ट्राइक हातची जाते. चेंडू जमिनीवर आपटला तर ग्लोव्ह पुढे न करता छाती पुढे करायची. हनुवटी खाली, खांदे गोल, म्हणजे चेंडू अंगावर आदळून पुढ्यातच पडतो. ही सवय लागायला वर्षं जातात. आणि ती इथे लागते, वूस्टरसारख्या गावात, दुपारच्या रिकाम्या स्टँडसमोर.

टील असाच कॅचर. तो व्हर्जिनिया विद्यापीठातून आला. 2023 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, बॉस्टननं त्याला 14 व्या क्रमांकावर घेतलं. तिथून पुढे मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या लीगच्या, पायऱ्या. मेजर लीगच्या प्रत्येक क्लबखाली असे चार संघ असतात. बॉस्टनचा सर्वांत वरचा, ट्रिपल-ए, वूस्टरचा. वरून दुसरा, डबल-ए, म्हणजे मेन राज्यातलं पोर्टलंड. तिथल्या मैदानाला डावीकडे फेनवेसारखीच उंच हिरवी भिंत बांधली आहे. मुलांनी रोज त्या भिंतीकडे बघावं आणि खऱ्या भिंतीपर्यंत पोहोचावं, अशी ती योजना. 2024 च्या उन्हाळ्यात टील, मार्सेलो मायर आणि रोमन अँथनी हे तिघं तिथे एकत्र खेळत होते. ऑगस्टमध्ये तिघांनाही एकदमच वर, वूस्टरला बोलावलं. बॉस्टनच्या प्रेक्षकांना या पोरांची नावं तोंडपाठ होती. पुढे मायर आणि अँथनी फेनवेला पोहोचले. टीलचं तिकीट शिकागोचं निघालं.

[तिघे एका बाकावर. इथे निवेदन नाही, मैदानाचाच आवाज.]

अशा सौद्यात खेळाडूला विचारत नाहीत. करार क्लबच्या हातात असतो, आणि क्लब तो दुसऱ्या क्लबच्या हातात देतो. नाही म्हणायचा हक्क मिळतो तो मेजर लीगमध्ये 10 वर्षं काढलेल्याला, तीही शेवटची 5 एकाच संघात काढलेली असली तर. नाहीतर ज्यानं करारातच तसं कलम लिहून घेतलंय त्याला. विशीतल्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात उतरणारा निदान स्वतः नाव नोंदवतो.

माँटगोमेरीचं उदाहरण घ्या. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळताना 2024 च्या जूनमध्ये घोटा मोडला. जुलैत बॉस्टननं त्याला 12 व्या क्रमांकावर निवडलं. डिसेंबरात तो शिकागोचा झाला. बॉस्टनच्या कुठल्याही संघाकडून एकही सामना न खेळता! नियमात हे बसतं. ड्राफ्टमधला खेळाडू वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, संपेपर्यंत दुसऱ्याला देता येत नाही, त्यानंतर देता येतो.

या मुलांची बाजू मांडायला संघटना आली ती 2022 मध्ये. 2023 चा पहिला करार झाला तेव्हा डबल-एच्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार 13,800 डॉलरवरून 30,250 डॉलरवर गेला, ट्रिपल-एचा 17,500 वरून 35,800 वर. त्याआधी हिवाळ्यात मिळेल ते काम करून सराव चालू ठेवणारे कितीतरी होते. हा पगार कुणी मेहेरबानीनं वाढवलेला नाही, मुलांनी एकत्र येऊन तो मिळवला.

[फोर्ट मायर्स. ऊन. क्रोशे गोलंदाजीच्या सरावात.]

क्रोशेनं 2025 मध्ये बॉस्टनसाठी 18 सामने जिंकले, 255 फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले आणि 17 कोटी डॉलरचा करार मिळवला. माइडरॉथ एप्रिलमध्ये आणि टील जूनमध्ये शिकागोकडून मेजर लीगमध्ये उतरले, गोन्झालेझही उतरला. 2024 मध्ये 121 सामने हरलेला शिकागो पुढच्या वर्षी 102 हरला.

[सरावाच्या मैदानावर नवी मुलं. पाठीवर नावं नाहीत, फक्त मोठे आकडे.]

मायनर लीगचा करार 2027 पर्यंत आहे. नव्या करारात पगाराचं बोलणं होईलच. त्याबरोबर आणखी एक कलम यायला हवं : ज्या क्लबनं ड्राफ्टमध्ये निवडलं, त्याच्याकडून एक पूर्ण हंगाम खेळून होईपर्यंत कुणालाही सौद्यात देता येऊ नये. वर्ल्ड सिरीजपर्यंतची मुदत नियमात आहेच, ती फक्त एका हंगामानं पुढे न्यायची आहे.