मित्रावर हल्ला होतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

11 सप्टेंबर 2001 या दिवसाबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलंय. न्यूयॉर्कचे दोन मनोरे, पेंटागॉन, पेनसिल्व्हेनियात कोसळलेलं विमान, 2977 बळी. ते सगळं पुन्हा सांगायला मी आलेलो नाही. मला बोलायचंय ते अमेरिकेच्या मित्रदेशांबद्दल. तिथले लोक कसे वागले, तिथले पुढारी कसे वागले, आणि या दोन वागण्यांत अंतर कसं पडत गेलं. मित्राच्या दुःखात धावून जाणं वेगळं आणि मित्र पुढे जे काही करील त्याला आधीच मान्यता देऊन टाकणं वेगळं. त्या काळात यातला फरक बोलून दाखवणाऱ्याला फार ऐकून घ्यावं लागलं.

आधी लोकांचं सांगतो. हल्ला झाल्यावर अमेरिकेनं आपलं आकाश बंद केलं. अटलांटिक ओलांडत असलेली विमानं उतरवायची कुठे? त्यातली 38 विमानं कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर गँडर नावाच्या गावात उतरली. गावाची वस्ती जेमतेम दहा हजार, आणि विमानांतून आली साडेसहा हजारांहून जास्त माणसं. तिथले शाळेच्या बसचे चालक त्या वेळी संपावर होते. त्यांनी संप बाजूला ठेवला आणि गाड्या काढल्या. शाळा, चर्च, सभागृहं उघडली गेली. घराघरांतून शिजवून आणलेलं अन्न इतकं जमलं की ते ठेवायला जागा पुरेना. शेवटी आइस हॉकीच्या बर्फाच्या मैदानाचाच फ्रिज केला. यासाठी कुणी ठराव मांडला नव्हता, कुणाचं भाषणही झालं नव्हतं.

युरोपातही तसंच. 13 सप्टेंबरला लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्यासमोर पहारा बदलताना ब्रिटिश सैनिकांच्या बँडनं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. 14 तारखेला युरोपभर तीन मिनिटं शांतता पाळली गेली, आणि बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी सुमारे दोन लाख माणसं जमली. त्याच दिवशी समुद्रावर ‘ल्युट्येन्स’ ही जर्मन युद्धनौका ‘विन्स्टन चर्चिल’ या अमेरिकी युद्धनौकेच्या शेजारून गेली. जर्मन खलाशी गणवेशात कठड्याला ओळीनं उभे होते, अमेरिकेचा झेंडा अर्ध्यावर उतरवलेला होता, आणि एका फलकावर लिहिलं होतं, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. एकाच्या नौकेला दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नौदल अधिकाऱ्याचं नाव, दुसऱ्याच्या नौकेला त्या युद्धातल्या ब्रिटिश पंतप्रधानाचं. इतिहास कधीकधी असाही वागतो.

सगळंच असं नितळ नव्हतं. हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी बीबीसीच्या ‘क्वेश्चन टाइम’ या कार्यक्रमात काही प्रेक्षकांनी अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर असा हल्ला चढवला की तिथे बसलेल्या अमेरिकेच्या माजी राजदूतांना रडू यायच्या बेतात आलं. बीबीसीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. मला विचाराल तर, त्या प्रश्नांत गैर काही नव्हतं. पण ढिगाऱ्याखाली माणसं शोधली जात असताना एका माणसाला स्टुडिओत घेरून ते विचारणं गैरच होतं. आणि त्याहून वाईट काय घडलं ते ऐका. मनोरे जळत असताना, त्याच दुपारी, ब्रिटनमधल्या एका मंत्र्याच्या सल्लागारानं खात्यातल्या सहकाऱ्यांना ईमेल पाठवला : आपल्याला जे काही दडपायचं असेल ते बाहेर काढायला आज फार चांगला दिवस आहे. म्हणजे हल्ल्याच्या बातम्यांखाली ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. नगरसेवकांच्या खर्चाची प्रकरणं वगैरे. महिन्याभरात ते फुटलं आणि केवढा गदारोळ झाला.

आता सरकारांकडे वळू. नाटो म्हणजे अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांची लष्करी युती; तिचा करार 1949 चा. त्याचं पाचवं कलम म्हणतं, एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जाईल. सोव्हिएत रणगाडे पश्चिम युरोपात घुसले तर अमेरिकेनं धावून यावं, यासाठी ते लिहिलेलं. पन्नास वर्षं ते कधी वापरावं लागलं नाही. आणि 12 सप्टेंबर 2001 ला ते पहिल्यांदा लागू झालं ते उलट दिशेनं, युरोपनं अमेरिकेसाठी. पण हे कलम पुढे काय म्हणतं, ते फारसं कुणी वाचत नाही. प्रत्येक देशानं ‘त्याला आवश्यक वाटेल ती’ कृती करावी, एवढंच त्यात आहे. युद्धात उतरायची सक्ती नाही. ही पळवाट कुणी ठेवली? खुद्द अमेरिकेनं. युद्ध पुकारायचा आपल्या काँग्रेसचा अधिकार करारानं जाऊ नये, म्हणून.

गंमत म्हणजे नाटोनं एवढ्या गांभीर्यानं हात पुढे केला आणि वॉशिंग्टननं आभार मानून स्वतःला हवे ते साथीदार निवडले. 7 ऑक्टोबरला अफगाणिस्तानवर बाँबफेक सुरू झाली ती अमेरिका आणि ब्रिटनची. नाटोची टेहळणी विमानं मात्र अमेरिकेच्या आकाशात पहाऱ्याला गेली. 13 देशांचे 830 कर्मचारी, मे 2002 पर्यंत.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते बर्लिनमधलं मतदान. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी जर्मनीचे चॅन्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, गेऱ्हार्ड श्रोडर यांनी संसदेत अमेरिकेला ‘अमर्याद’ पाठिंबा जाहीर केला होता. नोव्हेंबरात त्याचा हिशेब चुकता करायची वेळ आली. अमेरिकेच्या मोहिमेसाठी 3900 पर्यंत जर्मन सैनिक पाठवायचे होते. सत्ताधारी आघाडीतले काही खासदार, विशेषतः ग्रीन पक्षाचे, विरोधात होते. विरोधी पक्षांच्या मदतीनं ठराव सहज मंजूर झाला असता. पण मग श्रोडर यांच्यापाशी स्वतःचं बहुमत उरलं नाही असं दिसलं असतं. म्हणून त्यांनी सैन्याचा ठराव आणि सरकारवरचा विश्वास एकत्र बांधला. 16 नोव्हेंबरला मतदान झालं. हवी होती 334 मतं, मिळाली 336.

ही 336 मतं आली कशी ते बघा. सैन्य पाठवावं असं ज्यांना वाटत होतं, त्या ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि उदारमतवादी विरोधकांनी विरोधात मत दिलं, कारण श्रोडर यांच्यावर विश्वास दाखवायचा नव्हता. ग्रीन पक्षातल्या ज्या आठ जणांना सैन्य पाठवणं मान्य नव्हतं, त्यांनी आपसात वाटणी केली : चौघांनी नाही म्हणायचं, चौघांनी हो. म्हणजे विरोधही नोंदला जाईल आणि सरकारही पडणार नाही. याला कुणी ढोंग म्हणेल. मी नाही म्हणणार. सरकार टिकवायचं तर सदसद्विवेकाला किती मुरड घालावी लागते, ते त्यांनी निदान उघड्यावर मोजून दाखवलं. इतर राजधान्यांत तेच बंद दाराआड झालं.

फ्रान्सची गोष्ट आणखी बोलकी आहे. 13 सप्टेंबरच्या ‘ल माँद’ या फ्रेंच दैनिकाच्या अग्रलेखाचा मथळा जगभर गाजला : आम्ही सारे अमेरिकन. मथळाच लोकांच्या लक्षात राहिला. त्याच लेखात खाली अमेरिकेला तिचीच निष्ठुर धोरणं तर भोवली नाहीत ना, अशी शंकाही होती. हल्ल्यानंतर आठवड्याभरातच राष्ट्राध्यक्ष जाक शिराक वॉशिंग्टनला पोचले होते. आणि 2003 मध्ये इराक युद्धाला ‘नाही’ म्हटल्याबरोबर हाच फ्रान्स कृतघ्न ठरला. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहांत बटाट्याच्या ‘फ्रेंच फ्राइज’चं नाव बदलून ‘फ्रीडम फ्राइज’ केलं गेलं. देशाच्या कायदेमंडळात! इराकचा 11 सप्टेंबरच्या हल्ल्याशी संबंध असल्याचा पुरावा कधीच मिळाला नाही, पण नावं बदलणाऱ्यांना त्याची गरज नव्हती. ब्रिटननं उलटा मार्ग धरला. रस्त्यावर लाखो लोक उतरलेले असताना 18 मार्च 2003 ला ब्रिटिश संसदेनं 412 विरुद्ध 149 मतांनी युद्धाला मंजुरी दिली. त्याच्या आदल्या दिवशी माजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी या युद्धाला विरोध म्हणून मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता.

अफगाणिस्तानात ब्रिटनचे 457 सैनिक गेले, कॅनडाचे 158, जर्मनीचे 59. एकत्र आलो, एकत्र जाऊ, असं नाटोत म्हटलं जायचं. 29 फेब्रुवारी 2020 ला दोह्यात अमेरिकेनं तालिबानशी सैन्य माघारीचा करार केला, तेव्हा सह्या दोघांच्याच होत्या. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडल्यावर जी-7 या श्रीमंत देशांच्या गटाच्या बैठकीत युरोपीय मित्रांनी माघारीची मुदत थोडी वाढवा अशी गळ घातली. बायडेन यांनी 31 ऑगस्ट ही तारीख बदलली नाही. त्याआधीच, 26 तारखेला जर्मनीनं आणि 28 तारखेला ब्रिटननं काबूल सोडलं होतं.