दमदमची गोळी आणि डिचोलीचं कपाट

गोव्यात डिचोलीजवळचं हे जुनं घर. चिऱ्याच्या भिंती हातभर जाड. भाटकार, म्हणजे घरचे जमीनदार, कपाटातून तेलकट फडकं काढतात आणि पलंगावर उलगडतात. आत ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, शेजारी सहा काडतुसं. एक उलटं धरून बघा. पितळी बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं आहेत. म्हणजे पुण्याजवळची खडकी फॅक्टरी. पुढे शिशाची बोथट गोळी. पितळेला पावसाळ्याने हिरवट कळा आणलीय.

काडतूस हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांचा. त्यांचं ‘कार्तुशु’, आपलं काडतूस.

नातू मोबाइल पुढे करतो. “आजोबा, अमेरिकेतल्या नव्या गोळ्या बघा.” पडद्यावर पारदर्शक जेलीचा ठोकळा, माणसाच्या मांसाच्या जागी. गोळी शिरते आणि ठोकळा आतून फुगून परत बसतो. दिसायला जबरदस्त.

नवं म्हणायचं, तर जुनं कोणतं? तिकडे स्वसंरक्षणाची नेहमीची गोळी म्हणजे टोकाला खळगा असलेली ‘हॉलो पॉइंट’. अंगात शिरली की ती फुलासारखी उमलते आणि सहसा आतच थांबते, पलीकडच्या माणसाला लागत नाही. तिची थोरली बहीण आपल्याच देशातली. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात अशी पसरणारी गोळी तयार झाली. १८९९ मध्ये हेगच्या जाहीरनाम्याने ती युद्धात निषिद्ध ठरवली. ब्रिटन आणि पोर्तुगाल, म्हणजे तेव्हाचा गोव्याचा शेजारी आणि धनी, त्यात १९०७ मध्ये सामील झाले. रणांगणावर बंदी असलेली गोळी नागरिकांच्या आणि पोलिसांच्या पिस्तुलात मात्र राहिली. गंमतच म्हणायची.

खळग्याचं दुखणं असं, की जाड कापडातून जाताना त्यात चिंध्या भरतात आणि गोळी उमलतच नाही. कधी उलट होतं. १९८६ मध्ये अमेरिकेत मायामीला एफबीआय, म्हणजे तिथली केंद्रीय तपास संस्था, आणि दरोडेखोरांची चकमक झाली. एक गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत गेली, व्यवस्थित उमलली आणि काळजाच्या अलीकडे थांबली. तो माणूस लढत राहिला. दोन एजंट मेले. त्यानंतर एफबीआयने कसोटी ठरवली: जेलीत गोळी किमान १२ आणि फार तर १८ इंच गेली पाहिजे, अंगावर कपडे असले तरी.

नव्या गोळ्या आल्या त्या या कसोटीच्या मागोमाग. एकीच्या खळग्यात मऊ रबरासारखा ठोकळा बसवलेला, म्हणजे चिंध्या शिरायला जागाच नाही. दुसरी सबंध तांब्याची, न उमलणारी. तिच्या टोकाला पन्हळी कापलेल्या, त्या अंगातला ओलावा बाजूला फेकतात. तिसरी तांब्या-कथिलाची भुकटी दाबून केलेली, पोलादावर आपटली की चुरा होणारी. ती मुळात सरावाच्या जागी उलटून येणाऱ्या तुकड्यांपासून जीव वाचवायला बनवली.

पन्हळीवाल्या गोळीचे व्हिडिओ सर्वांत जास्त फिरतात. आमचं मत विचाराल तर जरा थांबा. पिस्तुलाच्या वेगात ताणलं गेलेलं मांस बहुतेक पुन्हा मिटतं, जखम उरते ती गोळीच्या वाटेपुरती. शिवाय जेलीला हाडं नसतात.

आणि भाटकारांच्या कपाटाचं काय? नऊ एमएम पिस्तुलाची गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जाते. ती आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. ३२ ची गोळी जेमतेम २०० च्या आसपास. एवढ्या वेगात खळगा उमलायचा भरवसा नाही. तिथे साधी शिशाचीच बरी, निदान खोल तरी जाते.

गोव्यात खराखुरा बदल झाला तो शेती राखायच्या बारा बोअरच्या बंदुकीत. पूर्वी तिची काडतुसं कागदी नळीची. पावसात फुगायची, बंदुकीत अडकायची. प्लॅस्टिकची नळी आली आणि ती कटकट गेली. त्याचे व्हिडिओ कोणी काढले नाहीत.

निवडणूक लागली आहे. भाटकार फडकं पुन्हा गुंडाळतात आणि हत्यार जमा करायला पोलीस ठाण्याची वाट धरतात. शिपाई काडतुसं मोजतो, पावतीवर सहाचा आकडा लिहितो. निकाल लागेपर्यंत राखणीला दारातला कुत्रा.