टेरिकॉटची फारकत

(दृश्य : टेबलावर पसरलेला जुना सदरा)

समोरच्या सदऱ्याची कॉलर विरली आहे, दोन गुंड्या गळाल्या आहेत आणि खांद्यावरचा निळा रंग पाठीपेक्षा फिका पडला आहे. आतल्या शिवणीतील पट्टीवर ‘६५ टक्के पॉलिएस्टर, ३५ टक्के सुती’ एवढाच मजकूर अजून वाचता येतो. मराठीत या कापडाला आपण टेरिकॉट म्हणत आलो आहोत. कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या मँचेस्टरच्या संस्थेसाठी काम करणाऱ्या जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा तंतू शोधला. ब्रिटनमध्ये तो टेरिलीन या नावाने बाजारात आला. टेरिकॉटमधला ‘टेरि’ तिथला आणि ‘कॉट’ कापसाचा.

ही जोडी जमवण्यामागे चोख व्यवहार होता. कापूस हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरून ठेवतो, म्हणून तो अंगाला सुखावतो. पण तो चुरगळतो आणि लवकर झिजतो. पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का ओलावा धरते, त्यामुळे निव्वळ पॉलिएस्टरच्या कपड्यात घाम फुटतो. मात्र ते चुरगळत नाही, चटकन वाळते आणि वर्षानुवर्षे टिकते. दोहोंचे गुण एका धाग्यात आले. तो धागा पुन्हा उलगडायचा झाला तर काय करायचे, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असेल असे त्याच्या घडणीवरून तरी वाटत नाही.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याचा छेद)

ती घडण आता पडद्यावर आहे. सदऱ्याच्या एका बारीक धाग्याच्या छेदात शंभर-सव्वाशे तंतू सहज मोजता येतात. पिळवटलेल्या चपट्या फितीसारखे दिसतात ते कापसाचे आणि काचेच्या कांडीसारखे गुळगुळीत, गोल दिसतात ते पॉलिएस्टरचे. उभ्या धाग्यात एक आणि आडव्या धाग्यात दुसरे अशी वाटणी असती तर कापड उसवून काम भागले असते. इथे पेळू, म्हणजे सूत कातण्याआधीची तंतूंची सैल वळी, तयार होतानाच दोन्ही तंतू एकमेकांत पिंजले गेले आहेत, त्यामुळे कात्री, सुई किंवा पिंजणयंत्र यांपैकी कशानेही ते वेगळे होत नाहीत.

एक धागा ज्योतीवर धरला की अडचण डोळ्यांना दिसते. सुती तंतू कागद जळावा तसा वास सोडून जळतात आणि त्यांची मऊ राख होते. पॉलिएस्टर मात्र आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर काळा, टणक मणी मागे ठेवते. बोटांत चुरडल्यावर राख उडून गेली आणि मणी तसाच राहिला. पॉलिएस्टर वितळायला २५० ते २६० अंश सेल्सिअस तापमान लागते. कापूस मुळात वितळतच नाही, त्या उष्णतेत तो करपू लागतो. म्हणून मिश्र कापड नुसते वितळवून त्याचे सूत ओढता येत नाही, कारण करपलेले कण यंत्राच्या सूक्ष्म भोकांत अडकून बसतात.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आज पुनर्वापरित पॉलिएस्टर म्हणून विकल्या जाणाऱ्या कपड्यांतील जवळजवळ सगळा माल पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांपासून बनतो. बाटली स्वच्छ असते आणि एकाच पदार्थाची असते, म्हणून ते काम सोपे जाते. पण बाटलीचा सदरा झाला म्हणून जुन्या सदऱ्याचा प्रश्न सुटत नाही, आणि ज्या बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकली असती ती मात्र त्या चक्रातून बाहेर पडते.

(दृश्य : कापडाचे तुकडे, चंचुपात्र, तापक)

कारखान्यातील हे काम बंद पोलादी टाकीत चालते आणि तिच्या आत कॅमेरा जाऊ शकत नाही. म्हणून तीच क्रिया काचेच्या चंचुपात्रात करून पाहू. गुंड्या, चेन आणि आतली कडक पट्टी काढून सदऱ्याचे बोटाएवढे तुकडे केले आहेत. पात्रात कॉस्टिक सोड्याचे द्रावण आहे आणि त्याचे तापमान ९० अंशांच्या आसपास राखले आहे. त्यात अमोनियम वर्गातील एका क्षाराची किंचित मात्रा घातली आहे. पाण्यातला अल्क, म्हणजे कॉस्टिक सोडा, पॉलिएस्टरच्या पृष्ठभागापर्यंत नेऊन पोहोचवणे एवढेच त्याचे काम, पण त्यावाचून क्रिया रेंगाळते.

सुरुवातीला काहीच घडत नाही असे वाटते. अल्क पॉलिएस्टरच्या तंतूत आत शिरत नाही, तो बाहेरून थराथराने त्याला खात जातो. तंतू आधी बारीक होतो आणि मग नाहीसा होतो. द्रावणाला मळकट निळी छटा येऊ लागली आहे. ढवळणारी कांडी बाहेर काढल्यावर तिच्यावर लोंबणारा तुकडा पाहा : विणीची चौकट जागेवर आहे, पण भरीवपणा गेला आहे आणि पलीकडची खिडकी त्यातून स्पष्ट दिसते आहे.

(येथे निवेदन नाही. केवळ द्रावणाचा आणि तापकाचा आवाज.)

जे उरले तो कापूस आहे. तो गाळून, धुऊन वेगळा केला. त्याच्या रेणूंच्या साखळ्या आखूड झालेल्या असल्या तरी व्हिस्कोजसारख्या धाग्यांसाठी लागणारा लगदा त्यापासून करता येतो; सोड्रा या स्वीडनमधील कंपनीने २०१९ मध्ये मिश्र कापडातील कापूस लाकडाच्या लगद्यात मिसळायला सुरुवात केली. आपल्याला मात्र खाली गाळलेल्या पाण्याकडे जायचे आहे, कारण सदऱ्यातले पॉलिएस्टर आता त्या पाण्यात आहे.

पॉलिएस्टर ही टेरेप्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल यांच्या शंभरेक जोड्यांची साखळी आहे. अल्काने ती प्रत्येक सांध्याशी तोडली. ग्लायकॉल पाण्यात मिसळले आणि आम्ल सोडियमच्या क्षाराच्या रूपात विरघळले. आता या द्रावणात गंधकाम्ल थेंबाथेंबाने सोडले जात आहे. पहिले काही थेंब पडतात आणि विरून जातात. मग एका क्षणी पात्राच्या मध्यभागी ढग उमटतो आणि दूध फाटावे तसा सगळ्या द्रावणात पांढरा साका धरतो. टेरेप्थॅलिक आम्ल पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून ते असे खाली बसते. हिशेबाने १०० किलो पॉलिएस्टरमधून सुमारे ८६ किलो आम्ल आणि ३२ किलो ग्लायकॉल मिळायला हवे. बेरीज शंभराच्या वर जाते, कारण साखळी तुटताना प्रत्येक सांध्यावर पाणी जोडले जाते.

खाली बसलेल्या आम्लाची ही पूड वाटते तितकी पांढरी नसते. पॉलिएस्टरला दिलेला रंग, कापसाला दिलेला वेगळा रंग, चकाकी कमी करण्यासाठी घातलेले टायटॅनियम डायऑक्साइड आणि शिलाईच्या धाग्यातले आणखी काहीबाही असे सगळे तिच्याबरोबर येते. काही द्रावणातच गाळून काढता येते, काही सक्रिय कोळशावर शोषले जाते. कापडात ताणणारे इलॅस्टेन असेल तर डोकेदुखी वाढते. आमच्या मते या सबंध उद्योगाची खरी परीक्षा या शुद्धीकरणात आहे, कारण थोडीशी अशुद्धता राहिली तरी पुढचा धागा पिवळा पडतो किंवा ओढताना तुटतो.

दुसरी वाट याच्या उलट आहे. हाँगकाँगमधील वस्त्रसंशोधन संस्थेने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत पाणी, उष्णता, दाब आणि थोडे सायट्रिक आम्ल यांच्या साहाय्याने कापसाचीच पूड केली जाते आणि पॉलिएस्टरचा तंतू तंतूच्याच रूपात हाती येतो.

(दृश्य : सूतनिर्मिती विभाग)

आम्ल आणि ग्लायकॉल यांना पुन्हा एकत्र तापवले की पाणी बाहेर पडते. पुढे २७० ते २९० अंशांवर, निर्वात अवस्थेत, साखळ्या लांब होत जातात आणि पातळ रस दाट होतो. त्याचे हे दाणे तांदळाएवढे आहेत. वितळवण्यापूर्वी ते इतके वाळवावे लागतात की वीस किलोंमागे एक ग्रॅमही पाणी उरू नये. ओलावा राहिला तर वितळताना तेच पाणी साखळ्या पुन्हा तोडते.

वितळलेला रस झारीच्या तोंडासारख्या पोलादी चकतीतून, बारीक भोकांमधून खाली येतो. थंड हवेच्या झोतात क्षणात त्याचे तंतू होतात. दिव्याचा प्रकाश आडवा पडला की ते दिसतात, एरवी तिथे काही आहे हे कळतही नाही. त्यानंतर तंतू त्यांच्या मूळ लांबीच्या कित्येक पट ताणला जातो. साखळ्या एका दिशेला लागतात आणि बळकटी येते.

(येथे निवेदन नाही.)

या प्रक्रियेला कॉस्टिक सोडा आणि आम्ल भरपूर लागते, १०० किलो पॉलिएस्टरमागे सुमारे ७४ किलो सोडियम सल्फेट हा क्षार उरतो, ग्लायकॉल पाण्यातून वेगळे करायला ऊर्जा खर्ची पडते, आणि नव्या धाग्यातूनही धुताना सूक्ष्म तंतू सुटतच राहतात.

शेवटच्या यंत्रात तंतूंच्या जाड दोरावर चुण्या पाडल्या जातात आणि पाते त्याचे ३८ मिलिमीटरचे तुकडे करते. ही लांबी ठरवलेली आहे, कारण कापसाच्या तंतूबरोबर तीच जुळते. पांढऱ्या पुंजक्यांची गासडी बांधून ढकलगाडीवर पुढच्या विभागात जाते. तिथे दाराशी कापसाची गासडी आधीच उघडून ठेवलेली आहे.