सगळेच महाराज झाल्यात

(दृश्य: फोनची काच, एका कोपऱ्यात तडकलेली. काचेवर एक जाडसर बोट अडून राहिलेलं.)

हे बोट माझ्या मावशीचं. खुरपून, सारवून, भांडी घासून त्यावरच्या रेषा इतक्या झिजल्यात की फोन तिचा ठसा ओळखत नाही. रेशनच्या दुकानातलं मशीनही दोन-तीनदा पुसायला लावतं. म्हणून फोनला लॉकच नाही. कुणीही उघडावा, बघावा. लपवण्यासारखं काही नाही, असं तिचं म्हणणं. ते पुढं खोटं ठरलं, पण ते नंतर सांगते.

मावशी माण तालुक्यातली. वय विचारलं तर आकडा सांगत नाही. "बहात्तरच्या दुष्काळात आईसंगं खडी फोडाय जायची म्या, आता तूच काढ हिशेब." शाळेचा हिशेबही त्यातच आला. पाटी हातात यायच्या वयात हातोडी आली.

(दृश्य: व्हॉट्सअॅपची यादी. छोटे गोल फोटो, एकाखाली एक.)

तरी हा फोन ती सराईतपणे वापरते. कसा, ते बघा. लाल अधिकचं चिन्ह म्हणजे दवाखाना. म्हैस म्हणजे डेअरी. सिलिंडर म्हणजे गॅसवाला. लेकीचा फोटो लग्नातला, जावयाचा गाडीला टेकून काढलेला. शेजारची नावं तिच्यासाठी नुसती नक्षी. फोटो गाठायचा, मायक्रोफोनचं चित्र दाबून धरायचं, बोलायचं, बोट उचलायचं. निरोप गेला.

व्हॉट्सअॅपवर ही सोय २०१३ साली आली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ती मावशीच्या ओसरीपर्यंत पोचली. तसा कानाचा आणि तिचा व्यवहार जुना आहे. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीचा रेडिओ चुलीजवळ वाजत असतो. शे-दीडशे अभंग पाठ आहेत, सगळे ऐकून. मावशी निरक्षर आहे म्हणताना माझी जीभ जरा अडखळते ती यामुळे.

मग आली १९ फेब्रुवारी. शिवजयंती.

सकाळी यादी उघडली तर लेक महाराज. जावई महाराज. गॅसवालाही महाराज. डेअरीच्या म्हशीच्या जागी, घोड्यावर, पुन्हा महाराज. मावशीनं फोन हातभर लांब धरून पाहिला आणि मला हाक मारली, "आगं, समदंच म्हाराज झाल्यात. आता म्या निरोप धाडू कुणाला?"

मी येईपर्यंत तिनं अंदाजानं एक महाराज निवडला होता. लेकीसाठी निरोप ठेवला होता. सुरुवात अशी: "जावयाला सांगू नगंस, पर…" तो निरोप जावयाला गेला.

पुढचे दोन दिवस घरात काय झालं, ते या फिल्ममध्ये नाही. जावई चांगला माणूस आहे, एवढंच सांगते.

(दृश्य: ओसरी. मावशी शेंगा फोडतेय. फोन शेजारी पालथा ठेवलेला.)

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळायला लागली. बोलून काम होत असेल तर माणूस वाचायला का शिकेल? आवाजाची ही सगळी साधनं अक्षराकडं नेणारी पायरी आहेत की अक्षराला दिलेली बगल?

ज्यांना याचं उत्तर वेगळ्याच बाजूनं सापडलं, ती माणसं आपल्यापासून फार लांब आहेत. पश्चिम आफ्रिकेतला नायजर. समुद्रकिनारा नाही, निम्म्याहून जास्त भाग वाळवंट. २००९ पासून तिथल्या ११३ गावांत प्रौढांचे साक्षरता वर्ग सुरू झाले. फ्रेंचमध्ये नाही, लोकांच्या हौसा आणि झर्मा या भाषांत. काही गावांत नेहमीचा वर्ग: फळा, खडू, पाटी. काही गावांत हेच सगळं, शिवाय एक साधा बटणांचा फोन, तोही चार-पाच जणांत मिळून एक. फोनवर धडे नव्हते, गाणी नव्हती, कुठलं अॅप नव्हतं. आकडा कुठं, अक्षर कुठं, मेसेज कसा लिहायचा आणि कसा उघडायचा, एवढंच शिकवलं.

जेनी एकर आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही प्रकारच्या वर्गांची तुलना केली, तेव्हा फोनवाल्या गावांतली माणसं लिहिण्यात आणि गणितातही पुढं दिसली. अभ्यासक्रम तोच असूनही.

मला त्यातली एक बाब फार महत्त्वाची वाटते, आणि ती पैशाची आहे. तिथं कॉल महाग होता आणि लिहिलेला मेसेज स्वस्त. परगावी गेलेल्या माणसाची खुशाली कमी पैशात कळायची असेल तर अक्षर येणं भाग होतं. वर्ग सुटल्यावरही सराव करायला ते कारण पुरेसं होतं.

आपल्याकडं नेमकं उलटं आहे. आवाज फुकट. अक्षरासाठी मात्र चष्मा शोधा, कीबोर्ड उघडा, जोडाक्षर कुठं दडलंय ते हुडका. मावशीनं कशासाठी करावं हे? म्हणून मी त्या शिवजयंतीचे मनातल्या मनात आभार मानते. पहिल्यांदाच फोटोनं दगा दिला आणि नावाची गरज पडली.

(दृश्य: रात्र. मावशी आणि नात फोनवर वाकलेल्या. काचेचा उजेड दोघींच्या तोंडावर.)

शिकवायला बसली नात. चौथीतली, म्हणजे अतिशय कडक मास्तरीण. तिनं बाराखडी काढलीच नाही. बोललेलं फोन आपोआप लिहून दाखवतो, ती सोय उघडली. मराठीत ती २०१७ पासून आहे. आपण तिच्याकडं हात मोकळा नसताना टाइप करायची सोय म्हणून बघतो. या पोरीनं तिची पाटी केली.

"आज्जी, आत्याचं नाव घे."

"सुनंदा."

काचेवर अक्षरं उमटली. मावशी बघत राहिली. तोंडातून बाहेर पडलेलं काही तिनं आजवर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मग तिनं अंगणात हाक मारावी तशी फोनला हाक मारली, "सुनंदेऽ!"

फोननं लिहिलं, सुनंदे.

ती पुढं वाकली. "आगं, ही दांडी कुठं गेली?" शेवटच्या द पुढचा काना गेला होता आणि डोक्यावर मात्रा आली होती. नावाला आणि हाकेला वेगवेगळं लिहितात, हे तिला तिच्याच आवाजानं दाखवलं. त्या रात्री तिनं घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. मेलेल्यांनाही.

(दृश्य: काचेवर शब्द उमटताना. आवाज मावशीचा.)

एक भांडणही झालं. ती म्हणाली, "पानी." फोननं लिहिलं, पाणी. नातीनं वाचून दाखवलं तशी ती बिथरली. "म्या असं म्हनलंच न्हाई." खरंच नव्हतं म्हटलं. आमच्याकडं बहुतेकांच्या तोंडी पानीच असतं. फोन ऐकतो, पण लिहिताना पुण्याचं करून लिहितो. नातीनं शांतपणे सांगितलं, "बोलताना पानी, लिहिताना पाणी." दोन्ही बरोबर, असं तिच्या बोलण्यात आलं. हे तिला शाळेत कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही, पण सांगायला हवं होतं.

हे सगळं चालतं कसं, त्याची एक वाट टीव्हीवरून जाते. पुढं अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक झालेल्या ब्रिज कोठारी यांना १९९६ साली, अमेरिकेत एक स्पॅनिश सिनेमा बघताना, साधी गोष्ट सुचली. सबटायटल स्पॅनिशमध्येच असती तर स्पॅनिश शिकायला बरं पडलं असतं. मग हिंदी गाण्याखाली हिंदीच ओळ का नको? आधी गुजरातीत दूरदर्शनच्या गाण्यांच्या कार्यक्रमात, नंतर देशभरच्या चित्रहारमध्ये गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द धावू लागले. जो शब्द गायला जातोय, त्याचा रंग त्याच क्षणी बदलायचा. झी टॉकीजवर मराठीतही हा प्रयोग झाला. मोडकंतोडकं वाचता येणारी कोट्यवधी माणसं आपल्याकडं आहेत. शाळा सुटली की ते वाचणंही गंजतं. अशा माणसाला पुस्तक दिलं तर तो बाजूला ठेवतो. गाणं मात्र बघतो, आणि ओळ खाली असली की डोळा तिथं गेल्याशिवाय राहत नाही. गाणं आधीच पाठ असतं, म्हणून पुढचा शब्द कोणता हे त्याला अक्षर लागायच्या आत ठाऊक असतं.

मावशीचे अभंग इथं कामाला आले. नातीनं शब्द दिसणारे व्हिडिओ शोधून काढले. मावशी टाळीवर म्हणते, बोट ओळीखालून सरकतं. सुरुवातीला बोट मागं राहायचं आणि अभंग पुढं जायचा. ती गाणं थांबवायची नाही, बोटालाच दटावायची.

(दृश्य: बोट आणि ओळ. बोट एक शब्द मागे.)

लहान मुलांसाठी याच्या उलट बाजूनं जाणारी साधनं आली आहेत. मूल मोठ्यानं वाचतं, फोन ऐकतो आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतो. गुगलचं असं अॅप मार्च २०१९ मध्ये 'बोलो' नावानं आलं. पुढच्या वर्षी त्याचं नाव बदललं. मराठीतही ते आलं. नात ते थोडे दिवस वापरून कंटाळली. आजीला शिकवण्यात तिला जास्त मजा येते, कारण फोन कधी चिडत नाही आणि आजी चिडते.

गावात सरकारच्या उल्लास कार्यक्रमाची नोंदणी झाली. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आहे तो. शेवटी दीडशे गुणांची परीक्षा असते: वाचन पन्नास, लेखन पन्नास, आकडेमोड पन्नास. मावशीनं नाव दिलं, परीक्षेला मात्र अजून बसलेली नाही. "नापास झाले तर गाव हसंल." आकडेमोडीत तिला कोण नापास करणार, ते मला बघायचंय. डेअरीचा फॅटचा हिशेब ती तोंडी करते.

यादीशी मात्र तिची रोज परीक्षा असते. आधी फक्त सु ओळखायची. तेवढ्यानं भागेना, कारण सुनंदा, सुमन, सुरेश सगळे सु च्या घरातले. मग दुसऱ्या अक्षराकडं जाणं आलं. सुमनचा म आणि सुरेशचा र लागला. आता फोटो कुणीही कसलाही लावो, तिला फरक पडत नाही.

(दृश्य: एसटी स्टँड. मावशी बाकावर. मांडीवर पिशवी, हातात फोन.)

मागच्या महिन्यात ती एकटी लेकीकडं निघाली. स्टँडवर उतरल्यावर तिनं मायक्रोफोन दाबला नाही. कीबोर्ड उघडला. आधी आ. मग ल शोधायला बराच वेळ. मग मात्रा. तिनं कुणालाही लिहून पाठवलेला हा पहिला शब्द.

आले.

लेकीचं उत्तर लगेच आलं: किती? पावशेर बास होईल का?

मावशीनं ते एकेक अक्षर लावून वाचलं. मग चष्मा काढला, मायक्रोफोन दाबून धरला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली, "आगं च्याचं आलं न्हवं! म्या आलीया, म्या!"