उचलायची घाई करू नका

नाशिककर मित्रहो, मे महिना आहे. गोदावरीच्या पुलांवरून, मळ्यातल्या विहिरींच्या कठड्यांवरून पोरं सूर मारतायत. त्यामुळे मज्जारज्जूबद्दल बोलायचं, तर मी मानेपासूनच सुरुवात करतो.

मेंदू जिथे संपतो तिथून मज्जारज्जू सुरू होतो. लांबी साधारण ४५ सेंटिमीटर, जाडी जेमतेम करंगळीएवढी. मणक्यांच्या पोकळीतून तो खाली उतरतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नुसता नसांचा झुपका असतो. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ते इंजेक्शन या टोकाच्या खाली देतात. आयाबायांनी त्याची धास्ती घेऊ नये.

मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात. मार कुठे बसला, त्यावर सगळं ठरतं. मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या नसा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, हलवतात. त्याच्या वर इजा झाली तर श्वासच थांबतो. उथळ पाण्यात डोकं आपटलेला मुलगा बघा. बऱ्याचदा मार मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी असतो. तो कोपर वाकवतो, पण सरळ करता येत नाही. हातात पेन दिलं तर बोटं मिटत नाहीत. चिमटा काढला तरी पायाला कळत नाही, लघवी तुंबलेली असते. शुद्ध मात्र पूर्ण असते. अंगावर ओरखडाही नसतो, म्हणून लोक म्हणतात, ‘मुका मार आहे, उठवा त्याला.’

मुंबई-आग्रा रस्त्यावरचे दुचाकीचे अपघात, झाडावरून, परांचीवरून, गच्चीवरून पडणं ही बाकीची मोठी कारणं. अपघाताशिवायही इजा होते: गाठ, सरकलेली गादी आणि मणक्याचा टीबी. पाठ महिनोन्‌महिने दुखतेय, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय आणि आता पाय जड वाटतात, तर मालिश करत बसू नका. टीबी वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो.

आता माझा मुख्य मुद्दा. मज्जारज्जूचं सगळं नुकसान आपटण्याच्या क्षणीच होत नाही. हाडाच्या पोकळीत सूज यायला जागा नसते, रक्तपुरवठा कमी होतो, पुढचे तास-दिवस पेशी मरत राहतात. त्यातच आपण काखेत आणि गुडघ्याखाली हात घालून त्याला उचलतो, रिक्षात दुमडून बसवतो. मोडलेला मणका तेव्हा सरकू शकतो. थोडीफार शाबूत राहिलेली नसही मग हातची जाते.

म्हणून १०८ ला फोन करा. तोवर एकाने डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात लावून मान स्थिर धरावी. हेल्मेट ओढू नका, पाणी पाजू नका. उलटी झाली आणि कुशीवर वळवावंच लागलं, तर चौघांनी मिळून डोकं, खांदे, कंबर एका रेषेत, एकाच वेळी वळवा. पाण्यात पालथा तरंगत असेल तर मान आणि धड एका रेषेत ठेवून आधी उताणा करा. श्वास सगळ्यात आधी.

आणि पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायचीही सक्ती नाही.