मोठ्या बाबांचा पेन

नमस्कार मंडळी, नमस्कार नागपूरकरहो. जेवणं आटोपली असतील, कूलर खडखड करून राहिला असेल तर दहा मिनिटं बंद करा बाप्पा, पंख्यावर काढा अन् ऐका.

आज बोलायचं आहे दुखवट्याबद्दल. घरातलं मोठं माणूस गेलं की घरच्यांनी रडायचं केव्हा, अन् लोकांपुढे उभं राहायचं केव्हा. पुन्हा सांगतो, रडायचं केव्हा अन् उभं राहायचं केव्हा. विषय जड आहे पण मी जड बोलणार नाही, मला जमत पण नाही.

सुरुवात लंडनपासून करतो. 8 सप्टेंबर 2022, गुरुवार. आपल्याकडे रात्रीचे 11 वाजून राहिले होते, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, आमच्या गल्लीतल्या मंडळाची पोरं ट्रॅक्टर सजवत होती, अन् सगळ्यांच्या मोबाईलवर एकदमच बातमी आली, एलिझाबेथ राणी गेली. वय 96, गादीवर 70 वर्षं. 70 वर्षं म्हणजे किती, तर 1952 मध्ये ती गादीवर आली तेव्हा आपलं नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. राजधानी गेली, राज्य बदललं, राणी तीच.

आता योगायोग पाहा, 10 तारखेपासून आपला पितृपक्ष लागला. म्हणजे तिकडचा बहुतेक दुखवटा आपल्या पितृपक्षात. 11 तारखेला भारत सरकारनेही एक दिवस राजकीय दुखवटा पाळला, झेंडे अर्ध्यावर. अन् अंत्यसंस्कार 19 तारखेला, गेल्या दिवसापासून मोजलं तर बाराव्या दिवशी! आपल्याकडे बाराव्याला पिंड होऊन जातात, पाहुणे परतीच्या तिकिटाचं पाहत असतात. आमची आत्या पंचांग घेऊन टीव्हीसमोर बसली होती, म्हणाली, आज नवमी, अविधवा नवमी, पण हिचा नवरा तर आधीच गेला ना रे? मी म्हटलं हो, फिलिप 2021 च्या एप्रिलमध्ये गेला. मग हिची तिथी वेगळी, असं म्हणून तिनं पंचांग मिटवलं. विषय संपला तिच्यापुरता.

आता थोडं विषयांतर करतो. काही लोक मला म्हणाले, इंग्रजांच्या राणीचं आपल्याला काय? बरोबर आहे. 1853 च्या डिसेंबरात आपले तिसरे रघुजी भोसले गेले, 1818 पासून गादीवर होते, पोटी मुलगा नाही. राण्यांनी दत्तक पुढे केला, गव्हर्नर जनरल डलहौसीने मानला नाही, अन् 1854 मध्ये राज्य खालसा. ते आपण विसरलो नाही. आपण तर दर वर्षी तान्ह्या पोळ्याला काळी मारबत, म्हणजे मोठा पुतळा, काढतो, 1881 पासून, अन् लोक सांगतात की ती भोसल्यांच्या राणी बांकाबाईची, इंग्रजांना सामील झाली म्हणून. जी राणी आवडली नाही तिला आपण वाजतगाजत शिव्या घालत नेऊन जाळतो, घेऊन जा गे मारबत! तरीपण सीताबर्डीच्या किल्ल्यावर पंचम जॉर्ज अन् मेरी राणीने लोकांना दर्शन दिलं त्याचा खांब अजून उभा आहे अन् 15 ऑगस्टला आपण पोरांना घेऊन तो पाहायला जातो. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. मिल उघडली 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, म्हणून नाव एम्प्रेस. राणीच्या नावाच्या भोंग्यावर आमच्या घरी चहा व्हायचा. असं आपलं नातं आहे, धड सोयर नाही, धड सुतक नाही.

तर मुद्दा. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये 14 तारखेच्या संध्याकाळपासून 19 च्या सकाळपर्यंत राणीची शवपेटी दर्शनाला ठेवली, अडीच लाखांच्या घरात लोक आले. रांग वाढत वाढत 16 किलोमीटरपर्यंत गेली, म्हणजे बर्डीपासून कामठीपर्यंत धरा. हाताला रांगेच्या नंबराची पट्टी बांधून लोक रात्रभर उभे. तो फुटबॉलवाला बेकहॅम 12 तासांच्या वर उभा राहिला, कोणाची ओळख काढली नाही. आपल्याकडे पेट्रोल पंपावर चार गाड्या असल्या की पाचवा आडवा घुसतो. असो.

पण मला रांगेचं विशेष वाटलं नाही. मला वाटलं त्या चार पोरांचं. पोरं म्हणजे 58 ते 73 वर्षांची. 16 तारखेला चौघं आईच्या पेटीच्या चार बाजूंना पाठ करून उभी, मान खाली, 15 मिनिटं, अन् समोरून लोक चालले आहेत पाहत. रडायची सोय नाही. त्याआधी 12 तारखेला एडिंबराच्या चर्चमध्येही चौघं अशीच उभी राहिली होती. त्यातली ॲन, मुलगी, अशी पहाऱ्याला उभी राहणारी घराण्यातली पहिली बाई. राणी जिथं गेली त्या बाल्मोरलच्या वाड्यापासून एडिंबरापर्यंत सहा तास आईच्या गाडीमागे तीच होती. मुलगी आईला पोचवायला गेली. हे लक्षात ठेवा, मुलगी पोचवायला गेली, पुढे कामी येईल.

अन् थोरला, चार्ल्स. वय 73. आई गेली त्याच क्षणी राजा. दुसऱ्या दिवशी लंडन, तिथून टीव्हीवर भाषण, मग स्कॉटलंड, मग उत्तर आयर्लंड. 13 तारखेला तिथल्या हिल्सबरोच्या वाड्यात वहीवर सही करायची होती. आधी तारीखच चुकला, 12 लिहिली. मग पेन गळला, बोटं शाईने भरली, अन् हा राजा, कॅमेरे चालू आहेत, त्या पेनवर असा चिडला असा चिडला की विचारू नका. सगळ्या जगाने व्हिडिओ पाहिला, लोक हसले. मी हसलो नाही. मी बायकोला म्हटलं, अगं, हे तर आपले मोठे बाबा!

आता मोठ्या बाबांची गोष्ट ऐका, तिच्यासाठीच मी आज आलो आहे, बाकी सगळं तुम्ही पेपरात वाचलंच असेल.

1994 चा मे महिना. महालातलं आमचं जुनं घर. पहाटे 5 ला आजी गेली. 14 व्या वर्षी सून म्हणून आली, तेव्हापासून 63 वर्षं त्या घरात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, साखरेच्या डब्याला सुद्धा कुलूप. तिला सगळे आई म्हणायचे. मुलं आई म्हणायची, सुना आई म्हणायच्या, आम्ही नातवंडं आई म्हणायचो, दूधवाला आई म्हणायचा. आजोबा होते तोवर ते फक्त ‘ऐकलं का’ म्हणायचे.

मोठे बाबा म्हणजे माझे थोरले काका, सरकारी ऑफिसात कारकून, अक्षर मोत्यासारखं. आई गेली अन् हा माणूस रडला नाही. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी करायला बसला. बर्फाच्या लाद्या, बांबू, मडकं, गोवऱ्या, पांढरं कापड, चहापत्ती, साखर. नागपूरचा मे महिना, दोन्ही आत्या यायच्या होत्या, एक रायपूरहून एक अकोल्याहून, तोपर्यंत बर्फ पाहिजेच. माझी आई म्हणाली, भाऊजी, बसा ना थोडं. ते म्हणाले, बसतो, बर्फ येऊ दे. बर्फ आला. आता तरी बसा. बसतो, रायपूरवाली येऊ दे. रायपूरवाली आत्या आली, गळ्यात पडून ओरडून रडली, मोठे बाबा तिच्या पाठीवर थापटत थापटत माझ्याकडे पाहून म्हणाले, अरे, मंडपवाल्याला सतरंज्या सांगितल्या का? (अन् मंडळी, एक सांगतो, मयतीच्या घरी प्लॅस्टिकच्या पेल्यात चहा देऊ नका, तो चटकते, माणूस आधीच चटकलेला असते.)

दुपारी 4 ला गंगाबाई घाटावर पोचलो. आम्ही वीसपंचवीस पुरुष, बाया घरी, त्या काळी बाया घाटावर येत नव्हत्या. तिथं खिडकीवर नोंद करायची असते. खिडकीतला माणूस सवयीने विचारू लागला, तर मोठे बाबा म्हणाले, आणा इकडे, मी लिहितो. सवय ना, फॉर्म दुसऱ्याच्या हातानं भरलेला त्यांना चालायचा नाही. मी शेजारीच उभा. मृताचे नाव, असा रकाना. मोठ्या बाबांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, आई.

खिडकीतला माणूस हळूच म्हणाला, काका, नाव लिहा.

त्यांनी ते खोडलं. अन् थांबले. पेन तसाच धरून थांबले. मग वळून आमच्याकडे पाहिलं. माझ्या बाबांनी मान खाली घातली. लहान काका म्हणाले, गोदावरी ना? दुसरे कोणी म्हणाले, रेशन कार्डावर वेगळंच काही आहे बा. वीसपंचवीस पुरुष, तिच्या हातचं खाऊन वाढलेले, अन् छातीठोकपणे एकालाही सांगता येईना.

मला लूनावर घरी पाठवलं. मी धापा टाकत आत गेलो तर अकोल्याची आत्या खाली बसून बर्फाचं पाणी पुसत होती, जिथं आजीला ठेवलं होतं तिथलं, कपडा बादलीत पिळत होती, पुन्हा पुसत होती. मी विचारलं, आत्या, आईचं नाव काय? तिनं वर पाहिलं सुद्धा नाही. म्हणाली, ‘चंद्रभागा. माहेरचं. इथलं गोदावरी. दोन्ही लिहा म्हणावं.’

मी परत गेलो, सांगितलं. मोठे बाबा लिहायला लागले, चंद्र लिहिलं अन् पेन गळला. उन्हानं पेन तापला होता, भळकन शाई आली, फॉर्मवर, बोटांवर, पांढऱ्या सदऱ्यावर. अन् तो माणूस, जो पहाटेपासून चुपचाप यादीवर खुणा करत होता, तो फुटला. हा पेन! हा नालायक पेन! वीस वर्षं वापरून राहिलो, एक दिवस नाही गळला, आजच सुचलं याला, काहून, आजच काहून! असे ओरडले की बाजूच्या मयतीतले लोक रडायचे थांबून पाहू लागले. पेन फेकला, मग स्वतःच जाऊन उचलून आणला, सदऱ्याच्या टोकानं पुसला अन् तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडले. कोणी जवळ गेलं नाही. खिडकीतल्या माणसानं काही न बोलता दुसरा फॉर्म काढला अन् आपला पेन बाहेर सरकवला. रकान्यात जागा एकाच नावाची होती, मोठ्या बाबांनी बारीक अक्षरात दोन्ही बसवली, एकाखाली एक. तारीख मात्र बरोबर लिहिली. कारकून माणूस.

तर ते पेनवर चिडणं काय असते ते मी पाहिलेलं आहे. आईवर चिडता येत नाही, लोकांवर चिडता येत नाही, सगळे पाहून राहिले असतात, मग हाताशी पेन असतो.

वेळ थोडा उरला आहे. राणीला शेवटी विंडसरला ठेवलं, छोट्या चॅपेलमध्ये, आईवडिलांजवळ, नवऱ्याजवळ. वर काळा दगड, त्यावर चौघांची नावं अन् जन्म-मृत्यूची सालं. मोठमोठ्या पदव्या कोरल्या नाहीत. आपल्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहा, गेलेल्या माणसाचा फोटो एवढुसा अन् खाली शोकाकुल म्हणून चाळीस जणांचे, गॉगल लावून. हे बंद व्हायला पाहिजे, मी मागच्या वेळी पण बोललो होतो.

अन् मुलींना घाटावर येऊ द्या. आता येतात बऱ्याच घरी, चांगलं आहे. त्या दिवशी आत्या सोबत असती तर लूनाचं पेट्रोल वाचलं असतं.

आत्या आहे अजून, हीच, पंचांगवाली. काल तिला फोनवर सांगितलं की तुझी गोष्ट रेडिओवर सांगून राहिलो आहे. म्हणाली, सांग, पण माझं नाव घेऊ नको बापा. म्हणून नाही घेतलं.

नमस्कार.