लँकेस्टरचे सुधारगृह

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेस असलेल्या लँकेस्टर गावी १८५६ साली मुलींसाठी सुधारगृह सुरू झाले. केवळ मुलींसाठी सरकारने चालवलेले ते त्या देशातील पहिलेच सुधारगृह होते. आपण पाहत आहोत ते त्याचेच आवार.

याच राज्याने १८४८ मध्ये वेस्टबरो येथे मुलग्यांसाठी सुधारगृह उघडले होते. तेथे शेकडो मुलगे एकाच अवाढव्य इमारतीत ठेवले जात, आणि १८५९ मध्ये तेथील मुलांनीच त्या इमारतीला आग लावली. लँकेस्टरच्या योजनाकारांनी मात्र आरंभापासूनच मुलांना कुटुंबासारख्या लहान गटांत ठेवणाऱ्या, फ्रान्समधील मेत्रे आणि जर्मनीत हॅम्बुर्गजवळील राऊएस हाउस या संस्थांचा आदर्श पुढे ठेवला होता. त्यानुसार स्वतंत्र घरे बांधण्यात आली, प्रत्येक घरात सुमारे तीस मुली ठेवल्या गेल्या आणि त्यांच्यावर आईच्या नात्याने देखरेख करण्यासाठी एक मेट्रन नेमली गेली.

या मुलींचा अपराध तरी काय होता? पुष्कळ जणींनी चोरीसुद्धा केलेली नव्हती. ‘हट्टी आणि अवज्ञाकारी’ एवढाच ठपका पुरेसा असे, आणि अनेकदा खुद्द आईवडीलच ती तक्रार घेऊन न्यायाधीशापुढे उभे राहत. त्यामागे बहुधा दारिद्र्य असे. कित्येक मुली नुकत्याच येऊन स्थिरावू पाहणाऱ्या आयरिश कुटुंबांतल्या होत्या. येथे त्यांना लिहिणे-वाचणे, धर्मशिक्षण आणि शिवण, स्वयंपाक, धुणे ही कामे शिकवली जात. मोठ्या झाल्यावर त्यांना करार करून परक्या घरी मोलकरीण म्हणून पाठवले जाई. जिला सरकार लेक म्हणत होते, तिच्यासाठी त्याने चाकरीपलीकडचे भविष्य कल्पिलेच नाही, हे या आवाराविषयी स्पष्टपणे सांगायला हवे.

धोक्याची सूचना वेळीच मिळाली होती. अंधांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे सॅम्युअल ग्रिडली हाउ यांनी १८५४ मध्येच नियोजन करणाऱ्या आयुक्तांना पत्र लिहून, मुलींना संस्थेत एकत्र ठेवण्याऐवजी खऱ्याखुऱ्या कुटुंबांत सामावून घ्यावे, असा आग्रह धरला होता. तो मानला गेला नाही.

सव्वाशे वर्षे पुरी होण्याआधीच हे पर्व संपले. १९७० च्या दशकाच्या आरंभी राज्याच्या युवक सेवा विभागाचे प्रमुख जेरोम मिलर यांनी जुनी सुधारगृहे बंद करण्याचे धोरण हाती घेतले. हट्टी मुलांना शासन करणारा, वसाहतकाळापासून चालत आलेला कायदा १९७३ मध्ये रद्द झाला आणि १९७५ मध्ये लँकेस्टरचे सुधारगृहही बंद झाले. पुढच्याच वर्षी या आवाराची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांमध्ये नोंद झाली. त्यानंतर येथील काही इमारती राज्याच्या तुरुंग खात्याने बरीच वर्षे वापरल्या.